वहाण आणि वाहन

गेल्या सत्रात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आमच्यासमोर आले. म्हणींचा अर्थ सांगून त्यांचा वाक्यात उपयोग करावयाचा होता. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण एका परीक्षार्थीने ‘पायातले वाहन पायातच बरे’ अशी उतरवली होती. एका कान्याची जागा चुकली, ‘ण’चा ‘न’ झाला. आमच्या विदर्भात तो तसाही होतोच. आम्ही रिवाजाप्रमाणे लाल रेघ मारली आणि अर्धा गुण कापला.

पुढे काही दिवसांनी शिकवणीच्या तासाला पहिल्या बाकावर बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या पायांकडे लक्ष गेले. भडक लाल रंगाचे जोडे, त्यांवर पिवळ्या ढालीत मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा. फेरारी या इटालियन मोटारीचे हे चिन्ह आता मोटार न पाहिलेल्यांनाही ओळखता येते. विद्यार्थी वडिलांच्या जुन्या दुचाकीवरून महाविद्यालयात येतो. जोडे सीताबर्डीच्या रस्त्यावर, पदपथावरच्या दुकानातून घेतलेले. घोड्याची शेपटी जरा चुकलेलीच होती. पायातले वाहन म्हणतात ते हेच असावे, असे मनात आले आणि तो कापलेला अर्धा गुण आम्हाला उगाच टोचू लागला.

ही गोष्ट शिक्षककक्षात सहज सांगितली आणि तिच्यावरून बराच वाद झाला. प्रस्तुत टिपण त्या वादातून सुचलेले आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु एखादी वस्तू कोणी अंगावर मिरवावी आणि कोणी मिरवू नये, याविषयीची आपली मते कोठून येतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी किरकोळ मानू नये, असे आम्हाला वाटते.

आमच्या सहकाऱ्यांत मोटारींचे तीन-चार अस्सल शौकीन आहेत. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी नागपूरपासून थेट ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत खुला झाल्यापासून त्यांच्या गप्पांना अधिकच बहर आला आहे. त्यांची या जोड्यांविषयीची मते ऐकली, तेव्हा ती स्थूलमानाने तीन प्रकारची निघाली.

पहिले मत उपयुक्ततावाद्यांचे. भौतिकशास्त्र शिकवणारे एक सहकारी म्हणाले, “मोटार चालवण्याचा जोडा ही खरोखरीची वस्तू आहे, घोडा चिकटवला म्हणजे ती होत नाही.” त्यांनी सांगितलेली माहिती आम्हाला नवी होती. मोटार चालवताना टाच जमिनीला टेकलेली असते आणि पंजा तिच्याभोवती फिरतो. म्हणून या जोड्याची टाच मागून गोलसर असते आणि तळाचे रबर टाचेवर थोडे वर चढवलेले असते. तळ पातळ असतो, कारण ब्रेक किती दाबला गेला हे पायाला कळले पाहिजे. जोडा निरुंद असतो, कारण एक पेडल दाबताना शेजारचे दाबले जाता कामा नये. शर्यतीतले चालक तर खालचा गिअर टाकताना एकाच उजव्या पायाचा पंजा ब्रेकवर ठेवतात आणि त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचा वेग जुळवून घेतात. त्यांचे जोडे आगीला काही काळ दाद न देणाऱ्या कापडाचे असावे लागतात. सीताबर्डीच्या लाल जोड्याचा तळ जाड आणि टाच चौकोनी. तेव्हा तो त्यांच्या मते मोटारीचा जोडाच नव्हे.

दुसरे मत अधिकारवाद्यांचे. ते थोडक्यात असे : गाडी असेल त्याने जोडा घालावा. गाडी नसताना तिचे चिन्ह पायात घालणे हास्यास्पद आहे. गंमत अशी की, हे मत ज्यांनी सर्वांत ठामपणे मांडले त्यांच्याकडेही फेरारी नाही. परंतु आपल्याला मोटारीतले कळते, म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याकडे येतो, असे त्यांना वाटत असावे.

तिसरे मत भक्तांचे. हे मत शिक्षककक्षात कमी आणि विद्यार्थ्यांत अधिक आढळले. ज्यांनी तेंडुलकरच्या दहा क्रमांकाचा सदरा घातला, त्यांना कोणी आधी एक कसोटी सामना खेळून दाखवा, असे म्हटले नव्हते. मग आम्हालाच का? हा प्रश्न आम्हाला बिनतोड वाटला. तेंडुलकरचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने समर्पक आहे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची त्याने बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारीची मोटार भेट मिळाली आणि तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून देशभर वादंग माजले. फेरारी हे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते बहुतांशी त्या वादामुळे. म्हणजे आपल्याकडे ही गाडी रस्त्यावर दिसण्याआधी ‘ती कोणी बाळगावी आणि कोणत्या किमतीत’ या प्रश्नाच्या रूपानेच आली.

आता या तीन मतांकडे आपल्या शास्त्राच्या अंगाने पाहू. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तील शब्दशक्तींचा विचार आपण दरवर्षी शिकवतो. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले की मूळ अर्थाला बाध येतो, कारण प्रवाहावर वाडा वसत नाही. मग त्या अर्थाशी संबंध असलेला ‘गंगेचा काठ’ हा अर्थ घ्यावा लागतो, आणि असे बोलण्यामागे शीतलता-पावित्र्य सुचवण्याचे प्रयोजन असते. आमच्या भौतिकशास्त्राच्या मित्राला जोड्याची फक्त अभिधा मान्य आहे : जोडा म्हणजे पेडल नीट दाबता येणारे पादत्राण. विद्यार्थ्याच्या जोड्यात मात्र लक्षणा आहे. दुचाकीवर बसलेल्या पायात मोटारीचा घोडा दिसतो, मूळ अर्थाला बाध येतो, आणि आपण गाडीशी जोडलेल्या इतर अर्थांकडे वळतो : वेग, ऐट, आपल्या गल्लीपलीकडचे जग. अधिकारवादी या बाधापाशीच अडून बसतात आणि हसतात. गंगेवर गवळीवाडा कसा असेल, असे विचारून हसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो, हे येथे सांगण्याची गरज नाही.

मूळ अर्थाचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या घोड्याची कुळकथाही ध्यानात घ्यावी. हा घोडा मुळात मोटारीचा नव्हेच. पहिल्या महायुद्धातील फ्रांचेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावर तो रंगवलेला असे. बाराक्का १९१८ मध्ये मारला गेला. पुढे १९२३ मध्ये त्याच्या आईने ‘हे चिन्ह लाव, तुला यश येईल’ असे एन्झो फेरारीला सुचवले, असे फेरारीने स्वतःच सांगून ठेवले आहे. आणि १९३२ पासून तो त्याच्या शर्यतीच्या गाड्यांवर दिसू लागला. बाराक्का स्वतः घोडदळातून विमानदळात आलेला. तेव्हा हा घोडा घोडदळातून विमानावर, विमानावरून मोटारीवर, आणि २००५ पासून प्यूमा या कंपनीच्या करारामुळे रीतसर जोड्यांवर आला. प्रत्येक टप्प्यावर तो अशा वस्तूवर बसला जिच्यावर त्याचा ‘मूळ’ हक्क नव्हता. या प्रवासात सीताबर्डीचा पदपथ हा आणखी एक मुक्काम मानावा, एवढेच आमचे म्हणणे.

खुद्द गाडीच्या मालकाचे तरी काय? समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. ताशी तीनशेच्या आसपास धावू शकणारी गाडी तेथे आणणारा मालक त्या वेगाचा उपयोग करीत नाही, करूही नये. तो वेगाचे चिन्हच बाळगतो. रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात सित्रोएनच्या नव्या मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथिड्रलांशी केली, ती याच अर्थाने. अनाम कारागिरांनी घडवलेली आणि सर्व समाजाने, वापराने नसेल तर प्रतिमेने तरी, उपभोगलेली वस्तू, असे तो तिला मानतो. प्रतिमेने उपभोग घेणारा आमचा विद्यार्थी आणि वेगाने न धावणाऱ्या वेगवान गाडीचा मालक यांच्यातला फरक पैशाचा आहे. दोघांचेही नाते मुख्यतः चिन्हाशीच आहे.

परंतु येथपर्यंतचा युक्तिवाद कोणत्याही देशात करता आला असता. आपल्याकडे तो जोड्याविषयी करताना आणखी एका गोष्टीला सामोरे जावे लागते.

‘वहाण’ आणि ‘वाहन’ हे शब्द दिसायला भावंडे असले तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. ‘वहाण’ आली ‘उपानह्’वरून, प्राकृतातील ‘वाहणा’मार्गे, तिच्या मुळाशी ‘नह्’ म्हणजे बांधणे हा धातू आहे. ‘वाहन’ हे ‘वह्’ म्हणजे वाहून नेणे या धातूचे. एक शब्द बांधण्याचा, दुसरा नेण्याचा. व्युत्पत्तीवरून समाजशास्त्र काढू नये हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण कोणाला उद्देशून वापरली गेली, हे आठवले की या भेदाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ती स्त्रियांना उद्देशून वापरली गेली, आणि तथाकथित खालच्या जातींना उद्देशून. मराठीतले जोड्याचे वाक्प्रचार पाहावेत : जोडे झिजवणे, जोडे उचलणे, जोड्यापाशी उभे करणे, आपल्या कातड्याचे जोडे करून घालणे. बहुतेकांत कोणी तरी कोणापुढे वाकलेला आहे.

अपवाद पादुकांचा. रामाच्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या. आषाढात ज्ञानेश्वरांच्या पादुका आळंदीहून आणि तुकोबांच्या देहूहून पालखीत बसून पंढरपूरला जातात. जो उपस्थित नाही त्याच्या जागी त्याचे पादत्राण, ही लक्षणा आपल्या संस्कृतीने इतकी आत्मसात केली आहे की, ती आपल्याला लक्षणा वाटतच नाही. नसलेल्या गाडीच्या जागी तिचा जोडा ठेवणाऱ्या मुलाला हसताना ही परंपरा आठवावी.

मात्र एकीकडे पादुका पालखीत आणि दुसरीकडे, त्याच महाराष्ट्रात, सवर्णांच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घेण्याची सक्ती. दलित आत्मकथनांनी हे अनुभव मराठी वाचकापुढे ठेवले आहेत. ज्यांच्या हातांनी जोडा घडवला त्यांनाच तो घालण्याची मोकळीक नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते तो टाकून द्या, असे सांगितले. अंगावर काय असावे हे ठरवण्याचा हक्क हा त्या लढ्याचाच भाग होता. दीक्षाभूमीच्या शहरात राहून शिकवणाऱ्या आम्हाला ‘तुझ्याकडे ते नाही, तेव्हा तू हे घालू नकोस’ हे वाक्य निव्वळ विनोद म्हणून ऐकता येत नाही. बोलणाऱ्याच्या मनात जात नसेलही. वाक्याच्या रचनेत अधिकारभेद आहे.

लगेच स्पष्ट करावयास हवे की, आत्मसन्मानासाठी बदललेला पेहराव आणि कंपनीचे बोधचिन्ह यांना एका मापाने मोजण्याचा आमचा हेतू नाही. पहिला माणूस चिन्ह झुगारून देतो; दुसरा पैसे मोजून चिन्ह विकत घेतो, आणि ते चिन्ह विकणाऱ्याला त्याच्या सन्मानाशी देणेघेणे नसते. विद्यार्थ्याच्या ऐटीचे कौतुक करताना तिची किंमत त्याच्या वडिलांच्या पगारातून जाते, हे विसरून चालणार नाही. बाजार सर्वांना चिन्ह घालू देतो आणि त्यालाच समता म्हणतो. ही लबाडीही ओळखली पाहिजे. आमचा आक्षेप एवढाच की, या लबाडीचा जाब विचारायचा तो चिन्ह घालणाऱ्या मुलाला का?

तेव्हा जोड्याला विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच नुकते घडून गेले. मोटार चालवण्याचा जोडा म्हणून जो मऊ चामड्याचा, तळाला रबराच्या गाठी असलेला प्रकार प्रसिद्ध आहे, त्याचे पेटंट १९६३ मध्ये इटलीत जान्नी मोस्तिले याने ‘कार शू’ या नावाने घेतले. (त्याच वर्षी मराठीत बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. योगायोगच; पण माणूस कशावरून ओळखला जातो हा प्रश्न ज्या वर्षी आपल्याकडे असा पेटला होता, त्या वर्षी तिकडे तो जोड्यावरून ठरू लागला होता.) ही ‘कार शू’ कंपनी २००१ मध्ये प्राडा या बड्या फॅशनसंस्थेने ताब्यात घेतली. त्याच प्राडाने जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत जे चामडी सँडल घातले, ते पाहून कोल्हापूर हादरले. ती सरळसरळ कोल्हापुरी चप्पल होती. नाव मात्र कोठेच नव्हते.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातील व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिल्यावर प्राडाने प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयातील जनहितयाचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ यांच्याबरोबर करार होऊन, येथेच घडवलेले दोन हजार जोड सुमारे ८०० युरोंना एक या भावाने विकण्याची घोषणा झाली. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून ते आहे. पण असे मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे. ज्याने नावच वापरले नाही, त्याला कायद्याने अडवणे कठीण.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. सीताबर्डीचा फेरीवाला इटलीचा घोडा जोड्यावर छापतो, तेव्हा आपण त्याला ‘नक्कल’ म्हणतो. मिलान कोल्हापुरीचा घाट उचलते, तेव्हा त्याला ‘प्रेरणा’ म्हणतात. कायद्याच्या परिभाषेत दोहोंत फरक आहे, हे खरे. एकाने नोंदलेले चिन्ह उचलले, दुसऱ्याने कोणाच्याही नावावर नसलेला आकार. परंतु तो आकार कोणाच्याच नावावर का नाही? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, खिळ्याविना चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, पायाबरोबर हळूहळू बसत जाणारी बैठक : पेडल ओळखणाऱ्या गोल टाचेइतकेच हे बुद्धीचे काम आहे. एकाचे पेटंट झाले, दुसऱ्याचे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात चांभार बलुतेदार म्हणून भेटतो. घडवणाऱ्याच्या बुद्धीला जातीचे नाव मिळाले, व्यक्तीचे मिळाले नाही.

येथे आम्हाला भौतिकशास्त्राच्या मित्राचे मत पुन्हा महत्त्वाचे वाटू लागते. टाच कशी आहे, तळ किती पातळ आहे, हे विचारणारा माणूस निदान वस्तूकडे पाहतो. त्याने आणखी एक पाऊल टाकावे आणि ती कोणी घडवली हेही विचारावे. चिन्हापाशी थांबणारे दोघेही, हसणारा आणि मिरवणारा, ते विचारीत नाहीत.

त्या लाल जोड्याचे पुढे काय झाले, तेही सांगतो. पावसाळ्यात त्याचा तळ उसवला. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसणाऱ्या कारागिराकडे विद्यार्थी तो घेऊन गेला, तेव्हा आम्हीही तेथेच होतो. त्यांनी जोडा उलटा करून पाहिला, अंगठ्याने तळ दाबला आणि म्हणाले, “घोडा बेस आहे, पन बुड कच्चं आहे. सरेसावर चिकटवलं नुसतं. शिवून देतो, मंग टिकन.” आम्ही विद्यार्थ्याला सहज विचारले की, गाडी नसताना हा जोडा कशाला? तो हसून म्हणाला, “काहून सर, गाडी आली की मंगच पाय हलवाचे का?”

शिक्षककक्षातल्या साऱ्या मतांहून कारागिराचे ते एक वाक्य आम्हाला अधिक जाणकारीचे वाटले. त्यात घोड्याला नकार नव्हता, घालणाऱ्याला हसू नव्हते. वस्तूतली उणीव नेमकी हेरलेली होती आणि ती दुरुस्त करण्याची तयारी होती. समीक्षेकडून आपण याहून वेगळे काय मागतो? शिलाईचे जे पैसे त्यांनी मागितले, ते त्या जोड्याच्या किमतीच्या मानाने अगदीच थोडे होते. विद्यार्थ्याने त्यातही घासाघीस केली, तेव्हा मात्र आम्ही त्याला रागावलो.

पुढच्या सत्रात ‘वस्तू आणि अर्थ’ या घटकासाठी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील पादत्राणांची नावे आणि ती घडवणाऱ्यांची माहिती गोळा करून घेण्याचा आमचा विचार आहे. बोलीतील शब्दांचा एक छोटा संग्रह त्यातून व्हावा, आणि घडवणाऱ्यांची नावेही नोंदली जावीत, अशी आशा आहे. इतर ठिकाणच्या अध्यापकांनीही तो करून पाहावा. मतभेद असतील तर ते अवश्य कळवावेत. त्या परीक्षार्थीचा कापलेला अर्धा गुण मात्र नियमाने परत देता येत नाही, ही रुखरुख राहीलच.